तासाफारोंगा जिंकूनही रायझो तनाकाला बाजूला का सारलं?

प्रश्न असा होता: '३० नोव्हेंबर १९४२ च्या रात्री पॅसिफिकमधल्या ग्वाडलकनाल बेटाच्या तासाफारोंगा किनाऱ्याजवळ आठ विनाशिका घेऊन अमेरिकेच्या पाच क्रूझर आणि सहा विनाशिकांच्या ताफ्याला धूळ चारणारा जपानी रिअर अ‍ॅडमिरल रायझो तनाका महिनाभरात पदावरून दूर का झाला? आणि अमेरिकन इतिहासकार त्याला एवढं डोक्यावर घेतात, ते कितपत खरं?'

मी नौदलात असताना टॉर्पेडो आणि पाणबुडीविरोधी युद्ध हाच माझा विषय होता. पुढे तरुण अधिकाऱ्यांना शिकवताना ही लढाई मी कायम घेत आलो. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे. पण सुरुवातीलाच माझं मत सांगतो. तनाकाला त्या वीस-एकवीस मिनिटांवरून जोखू नये. ती रात्र त्याच्या कारकिर्दीतला अपवाद होता. बाकीचा सगळा काळ त्याने सैनिक आणि रसद वाहण्यात घालवला, आणि त्या कामाचं गणित जमत नाही हे त्याने वरिष्ठांना तोंडावर सांगितलं. त्याचं मोठेपण मला तिथे दिसतं, आणि तेच त्याला भोवलं.

आधी थोडी पार्श्वभूमी. तनाकाचा जन्म १८९२ चा, यामागुची प्रांतातला. १९१३ मध्ये तो नौदल अकादमीतून बाहेर पडला आणि टॉर्पेडोतज्ज्ञ झाला. टॉर्पेडो शाळेत शिकवलं, जिंत्सू या हलक्या क्रूझरचा आणि पुढे कोंगो या युद्धनौकेचा कप्तान झाला. १९४१ च्या सप्टेंबरात त्याच्याकडे दुसरं विनाशिका स्क्वाड्रन आलं, ध्वजनौका तीच जिंत्सू. हे स्क्वाड्रन म्हणजे रात्रीच्या टॉर्पेडो हल्ल्यासाठी वर्षानुवर्षं घासूनपुसून तयार केलेलं जपानी नौदलाचं खास हत्यार. मोठ्या सागरी लढाईच्या आदल्या रात्री शत्रूच्या युद्धनौकांत घुसायचं आणि त्यांची संख्या कमी करायची, यासाठी ही माणसं घडवलेली होती.

प्रत्यक्षात त्यांच्या वाट्याला काय आलं? फिलिपिन्समध्ये दावाओ आणि लेगास्पीला सैन्य उतरवणाऱ्या जहाजांचं संरक्षण. मग मेनाडो, अंबॉन, कुपांग. तेही संरक्षणच. २७ फेब्रुवारी १९४२ च्या जावा समुद्राच्या लढाईत, म्हणजे तनाकाच्या पन्नासाव्या वाढदिवशी, टॉर्पेडो सोडायची संधी मिळाली. पण त्या दिवशी जपान्यांनी अतिशय लांबून टॉर्पेडो सोडले. ढीगभर वाया गेले, काही वाटेतच फुटले. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण नऊ महिन्यांनी त्याच स्क्वाड्रनने काय केलं ते या लढाईशेजारी ठेवून पाहायला हवं.

जूनमध्ये मिडवे. तिथे तनाकाकडे मिडवे बेटावर उतरणारं सैन्य नेणाऱ्या जहाजांची राखण होती. ३ जूनला अमेरिकन टेहळणी विमानाला सगळ्यात आधी दिसली ती हीच जहाजं. जपानच्या विमानवाहू नौका बुडाल्यावर हा काफिला परत फिरला. त्यात कर्नल इचिकीची तुकडी होती. हे नाव पुन्हा येणार आहे.

७ ऑगस्ट १९४२ ला अमेरिकन मरीन सैनिक ग्वाडलकनालवर उतरले आणि जपान्यांनी अर्धवट बांधलेली धावपट्टी त्यांनी ताब्यात घेतली. तिचंच नाव हेंडरसन फील्ड. इचिकीची पहिली फळी, साधारण नऊशे माणसं, सहा विनाशिकांतून ताइवू टोकाजवळ १८ ऑगस्टच्या रात्री उतरवली गेली. मागून येणाऱ्या माणसांची वाट न पाहता इचिकीने २१ तारखेला पहाटे हल्ला केला आणि तुकडी जवळपास संपली. संगिनी आणि रायफली घेऊन आधुनिक तोफखान्यावर चालून जाणं ही भाल्याने लढण्याची रीत झाली आणि त्यातून तेव्हाच शहाणपण यायला हवं होतं, असं तनाकाने युद्धानंतर लिहिलं. ही माणसं मिडवेपासून त्याच्या संरक्षणाखाली प्रवास करत होती. त्या लिखाणातला त्याचा संताप मला पूर्ण खरा वाटतो.

इचिकीची उरलेली माणसं आणि आणखी सैन्य घेऊन संथ मालवाहू जहाजं निघाली होती. २३ ऑगस्टला तनाकाला दोन आदेश आले. आठव्या ताफ्याचा मिकावा म्हणाला, उत्तरेला वळा. अकराव्या हवाई ताफ्याचा त्सुकाहारा म्हणाला, ठरल्याप्रमाणे पुढे जा आणि सैन्य उतरवा. दोघंही त्याचे वरिष्ठ आणि दोघंही लांब बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. तनाकाने उत्तर पाठवलं की जहाजांच्या वेगाने ती वेळ गाठताच येणार नाही. २५ तारखेच्या सकाळी हेंडरसन फील्डवरून आलेल्या बाँबर विमानांनी जिंत्सूला गाठलं. स्फोटात तनाका बेशुद्ध पडला. किंर्यू मारू हे मालवाहू जहाज पेटलं, आणि त्यावरची माणसं काढायला थांबलेली मुत्सुकी ही विनाशिका बी-१७ विमानांच्या बाँबने बुडाली. शुद्धीवर आल्यावर तनाका कागेरो विनाशिकेवर गेला आणि जिंत्सूला त्याने दुरुस्तीसाठी मागे धाडलं.

इथून पुढची सगळी मोहीम एका साध्या अडचणीभोवती फिरते. दिवसा हेंडरसन फील्डची विमानं समुद्रावर राज्य करायची. मालवाहू जहाज ताशी दहा-बारा नॉटने चालतं. ते एका रात्रीत बेटापर्यंत येऊन, माल उतरवून विमानांच्या टप्प्याबाहेर जाऊ शकत नाही. विनाशिका तीसहून अधिक नॉटने पळते, म्हणून ती संध्याकाळी टप्प्यात शिरून पहाटेआधी बाहेर पडू शकते. बोगनव्हिलजवळच्या शॉर्टलंडहून दुपारी निघायचं, सॉलोमन बेटांच्या दोन रांगांमधल्या अरुंद समुद्रातून धावायचं, मध्यरात्री माल टाकून परत फिरायचं. अमेरिकनांनी याला 'टोक्यो एक्स्प्रेस' म्हटलं. पण विनाशिकेच्या पोटात जागा किती? तिच्यावरून जड तोफा, वाहनं, महिन्याभराचा तांदूळ नेता येत नाही. डेकवर सैनिक दाटीवाटीने बसवले की तिची लढायची ताकदही कमी होते. ऑगस्टअखेरीस हे काम काही काळ हाशिमोतोकडे गेलं. नोव्हेंबरमध्ये तनाका पुन्हा पुढे आला, तोवर बेटावर उपासमार सुरू झाली होती.

नोव्हेंबरच्या मध्यात जपानने एकदाच मोठा डाव टाकला: अकरा मालवाहू जहाजं, अडतिसाव्या डिव्हिजनचे सुमारे सात हजार सैनिक आणि रक्षणाला तनाकाच्या अकरा विनाशिका. धावपट्टी आधी युद्धनौकांच्या तोफांनी निकामी करायची, असं ठरलं होतं. ती झाली नाही. १४ नोव्हेंबरला दिवसभर विमानांच्या लाटा आल्या. सहा जहाजं बुडाली, एक लंगडत परत गेलं. धुराचे पडदे सोडत, वेडीवाकडी वळणं घेत विनाशिका मधूनमधून थांबून पाण्यातली माणसं उचलत होत्या. हजारो माणसं त्यांनी वाचवली. तरी उरलेली चार जहाजं घेऊन तनाका पुढेच गेला.

पहाट होण्याआधी ती चार जहाजं उतरवून परत नेणं अशक्य होतं. तनाकाने परवानगी मागितली: जहाजं सरळ किनाऱ्यावर चढवतो, म्हणजे निदान माणसं तरी उतरतील. मिकावाने नकार दिला, दुसऱ्या ताफ्याच्या कोंदोने होकार दिला. किनुगावा मारू, हिरोकावा मारू, यामाउरा मारू आणि यामाझुकी मारू तासाफारोंगाच्या वाळूवर चढली. दिवस उजाडल्यावर विमानांनी, तोफांनी आणि एका अमेरिकन विनाशिकेने त्यांची राख केली. सात हजारांपैकी साधारण दोन हजार माणसं उतरली, तीही जवळपास मोकळ्या हातांनी. अमेरिकन इतिहासकार मॉरिसनने तनाकाला 'चिवट' हे विशेषण लावलं, ते मला या दिवसासाठी सगळ्यात जास्त पटतं.

यानंतर मोठी जहाजं पाठवणं थांबलं आणि पिंपांची युक्ती निघाली. ती जरा नीट सांगतो, कारण तासाफारोंगा समजण्याची किल्ली त्यात आहे. तेलाची मोठी लोखंडी पिंपं आतून स्वच्छ करायची. त्यात अन्न आणि औषधं भरायची, पण काठोकाठ नाही. पिंप तरंगायला हवं, म्हणून हवेला जागा ठेवायची. मग पिंपं दोरखंडाने एकमेकांना बांधून माळ करायची आणि ती विनाशिकेच्या डेकवर रचायची. बेटाजवळ आल्यावर विनाशिका झटक्यात वळते, माळ कापून पाण्यात सोडते आणि निघून जाते. किनाऱ्यावरून एखादी होडी किंवा पोहणारा माणूस येतो, दोराचं तरंगतं टोक पकडून किनाऱ्यावर नेतो आणि सैनिक माळ ओढून घेतात. एका विनाशिकेवर दोनशे ते दोनशे चाळीस पिंपं. वजन आणि जागा भागवण्यासाठी जादा टॉर्पेडो मागे ठेवावे लागले. नळ्यांत भरलेले आठ, एवढेच उरले.

२६ नोव्हेंबरच्या सुमारास आघाडीवरच्या काही तुकड्यांना सहा दिवस नवा शिधा पोचला नव्हता आणि पिछाडीला एक तृतीयांश शिध्यावर ठेवलं होतं. अशा वेळी ३० तारखेच्या रात्री आठ विनाशिका आल्या. तनाका नागानामीवर. सहांवर पिंपं. नागानामी आणि ताकानामी मोकळ्या, आणि ताकानामी समुद्राच्या बाजूला पहाऱ्यावर पुढे ठेवलेली.

समोरून आला रिअर अ‍ॅडमिरल कार्लटन राइट: चार जड क्रूझर, एक हलकी क्रूझर, सहा विनाशिका आणि रडार. ११ वाजून ६ मिनिटांनी अमेरिकन पडद्यांवर ठिपके दिसले. जपान्यांना तेव्हा काहीच पत्ता नव्हता. ११:१६ ला आघाडीच्या फ्लेचर विनाशिकेवरून कमांडर कोलने टॉर्पेडो सोडायची परवानगी मागितली. अंतर साडेसहा किलोमीटरच्या आसपास, लक्ष्य समोरून येतंय. टॉर्पेडोवाल्याला याहून चांगली स्थिती मिळत नाही, कारण लक्ष्य स्वतःच टॉर्पेडोच्या दिशेने चालत येत असतं. राइटला अंतर जास्त वाटलं. परवानगी यायला चार मिनिटं लागली. तेवढ्यात दोन्ही ताफे एकमेकांना ओलांडून गेले, आणि आता टॉर्पेडोला पळत्या लक्ष्याचा मागून पाठलाग करायचा होता. अमेरिकनांनी वीस टॉर्पेडो सोडले. एकही लागला नाही.

शिकवताना मी याच चार मिनिटांवर थांबायचो. विद्यार्थी राइटला दोष देऊन मोकळे होत. पण तो दोनच दिवसांपूर्वी या ताफ्यावर आलेला, लढाईचा आराखडा त्याच्या आधीच्या अ‍ॅडमिरलचा, आणि रडारवरचा ठिपका म्हणजे नेमकं काय हे सांगणारा अनुभव फार थोड्यांकडे. समोरचं स्क्वाड्रन मात्र हीच एक गोष्ट वर्षानुवर्षं अंधारात गिरवत आलं होतं. सराव झालेल्या माणसाला निर्णय घ्यायला वेळ लागत नाही, तो निर्णय आधीच घेतलेला असतो.

राइटच्या क्रूझरनी तोफा डागल्या. रडारवर सगळ्यात जवळचं आणि ठळक लक्ष्य ताकानामी होतं. जवळपास सगळ्यांनी तिच्यावरच मारा केला आणि ती पेटली. तनाकाने हुकूम दिला: माल टाकणं थांबवा, हल्ला करा. बहुतेक विनाशिकांनी तोफा वाजवल्याच नाहीत, कारण तोफेचा उजेड आपली जागा दाखवतो. अमेरिकन तोफांचा उजेड मात्र त्यांना हवा ते सगळं दाखवत होता. तो उजेड धरून चाळीसहून अधिक टॉर्पेडो निघाले.

हा टॉर्पेडो म्हणजे ९३ नमुन्याचा. व्यास ६१ सेंटिमीटर, डोक्यात सुमारे ४९० किलो स्फोटक, साध्या हवेऐवजी ऑक्सिजनवर चालणारा, म्हणून पाण्यावर बुडबुड्यांची रेघ जवळजवळ उमटत नाही. पूर्ण वेगाने वीस किलोमीटर, कमी वेगाने चाळीस. ११:२७ ला मिनियापोलिसला दोन लागले. पाठोपाठ न्यू ऑर्लिन्सला एक. त्याने पुढचा दारूगोळ्याचा कोठा उडाला आणि नाळेकडचा जवळपास दीडशे फूट भाग तुटून गेला. ११:३९ ला पेन्साकोला. ११:४८ ला नॉर्दॅम्प्टनला दोन, आणि ती बुडाली. एकवीस मिनिटांत चार जड क्रूझर. अमेरिकेचे ३९५ खलाशी मेले. मिनियापोलिस आणि न्यू ऑर्लिन्स जवळच्या तुलागी बंदरात कशाबशा पोचल्या, आणि तिथे नारळाच्या ओंडक्यांनी त्यांची पुढची बाजू बंद करून त्यांना दुरुस्तीसाठी लांब धाडलं. जपानने ताकानामी गमावली. जावा समुद्रात जे लांबून आणि उगाच खर्ची पडलं होतं, ते इथे जवळून आणि नेमक्या क्षणी वापरलं गेलं.

आता पुढचं बघा. राइटला आपल्या जहाजांवर पाणबुड्यांनी हल्ला केला असावा असं वाटलं, कारण आपल्यासारखे टॉर्पेडो एवढ्या लांबून येऊच शकत नाहीत असा त्याचा हिशोब होता. त्याला नेव्ही क्रॉस मिळाला. वेळेवर परवानगी मागणाऱ्या कोलला मात्र दक्षिण पॅसिफिकचा अमेरिकन सेनापती हॉल्सीने दोष दिला. जपानी बाजूलाही तीच तऱ्हा. तनाकाच्या वरिष्ठांनी आणि काही सहकाऱ्यांनी विचारलं, पिंपं कुठे आहेत? त्या रात्री बेटावर काहीच पोचलं नव्हतं. ज्या कामासाठी पाठवलं ते झालं नाही, हे खरंच होतं. आणखी एक आक्षेप होता, तोही पोकळ नाही. ध्वजनौका सगळ्यात पुढे असावी ही जपानी विनाशिकांची परंपरा. तनाकाने धोक्याच्या जागी ताकानामी ठेवली आणि टॉर्पेडो सोडल्यावर नागानामी वेगाने दूर गेली. शिवाय हल्ल्याचा मोठा भाग कॅप्टन सातोच्या चार विनाशिकांनी उचलला होता. तेव्हा अमेरिकन लिखाणात तनाकाने एकट्याने सगळं घडवल्यासारखं दिसतं, तिथे थोडं हात राखून वाचावं. त्याचा हुकूम अचूक आणि तत्काळ होता. अंमलबजावणी ही एका मुरलेल्या पथकाची होती.

३ डिसेंबरला तो पुन्हा गेला. दहा विनाशिका, १,५०० पिंपं टाकली. सकाळपर्यंत किनाऱ्यावर ओढली गेली ३१०. उपाशी, तापाने फणफणलेल्या माणसांना दोर ओढायची ताकद नव्हती, आणि उरलेली पिंपं उजाडताच विमानांनी मशीनगनने चाळण केली. ७ तारखेला सातोच्या नेतृत्वाखालचा ताफा टॉर्पेडो बोटींनी अडवला आणि तो परतला. ११ डिसेंबरच्या रात्री तनाका तेरुझुकी या नव्या कोऱ्या विनाशिकेवर होता. १,२०० पिंपं पाण्यात पडली, हाती लागली २२०. आणि त्या रात्री छोट्या पीटी बोटींच्या (म्हणजे त्याच टॉर्पेडो बोटींच्या) टॉर्पेडोने तेरुझुकी गेली. तनाका जखमी झाला. दोन खेपांची बेरीज करा: २,७०० पैकी ५३०. पाचात एक. त्या एका हिश्शासाठी ताफ्यातली सर्वोत्तम विनाशिका गेली.

हे आकडे तनाकासमोर होते आणि त्याने ते लपवले नाहीत. बेट सोडा, माणसं परत आणा, असं त्याने सांगितलं. २९ डिसेंबरला त्याच्या जागी कोयानागी आला. दोनच दिवसांनी, ३१ डिसेंबरला, टोक्योत ग्वाडलकनाल सोडायचा निर्णय झाला. १९४३ च्या फेब्रुवारीत १ ते ८ तारखेदरम्यान विनाशिकांनी तीन खेपांत दहा हजारांहून अधिक माणसं बाहेर काढली. तोवर तनाका तिथे नव्हता.

मग त्याला का हटवलं? माझ्या मते तीन गोष्टी एकत्र आल्या. रसद पोचत नव्हती, आणि त्याचं खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायचं होतं. ताकानामीच्या जागेवरून त्याच्याच लोकांत नाराजी होती. आणि तो स्पष्ट बोलत होता. पहिल्या दोन गोष्टी एकट्या असत्या तर निभावल्या असत्या. राबौल आणि त्रुक या जपानी तळांवर याहून वाईट निकाल देणारे अधिकारी आपापल्या जागी टिकून होते. तिसऱ्या गोष्टीला माफी नव्हती. माघारीचा विचार वर मुख्यालयातही चालू होता, पण आघाडीवरच्या ज्युनिअर अ‍ॅडमिरलने तो आधी उच्चारणं वेगळं. यावर काही अभ्यासक म्हणतात की तो जखमी आणि थकलेला होता, बदली साहजिक होती. मला ते पुरेसं वाटत नाही. थकलेल्या चांगल्या सेनानीला विश्रांती देऊन परत समुद्रावर आणतात. तनाकाला पुन्हा कधीही विनाशिका मिळाल्या नाहीत.

त्याला आधी सिंगापूरला आणि मग ब्रह्मदेशात धाडलं. १९४३ च्या अखेरीपासून रंगूनला तेराव्या तळ दलाचा प्रमुख. तिथे लढाऊ ताफा नव्हता. किनारा, बंदर आणि नद्यांवरच्या छोट्या नावा, एवढाच कारभार. ऑक्टोबर १९४४ मध्ये व्हाइस अ‍ॅडमिरलची बढती मिळाली, काम तेच राहिलं. आपल्या वाचकांसाठी एक दुवा इथे आहे. १९४५ च्या जानेवारीत त्याच ब्रह्मी किनाऱ्यावर, आराकानमध्ये, नर्मदा आणि जमुना या रॉयल इंडियन नेव्हीच्या स्लूप नौका सैन्य उतरवण्याला तोफांचा आधार देत होत्या. त्या नौदलात रत्नागिरीकडच्या खलाशांची जुनी परंपरा होती. ऑक्सिजन टॉर्पेडोचा जाणकार त्या किनाऱ्यावर बसला होता, आणि त्याच्याकडे टॉर्पेडो सोडायला एकही मोठी नौका नव्हती. त्याची जुनी जिंत्सू तर १९४३ च्या जुलैमध्येच कोलोम्बांगाराजवळ बुडाली होती, दुसऱ्या स्क्वाड्रनच्या नव्या प्रमुखासकट.

युद्धानंतर तनाका १९६९ पर्यंत जगला. १९५६ मध्ये अमेरिकन नेव्हल इन्स्टिट्यूटच्या मासिकात त्याचा ग्वाडलकनालवरचा दीर्घ लेख दोन भागांत आला. मोहिमेचा अभ्यास करायचा असेल तर तो जरूर वाचा. एका कामावर तीन-तीन मुख्यालयांचे हुकूम, तुकड्या तुकड्यांनी सैन्य पाठवणं, शत्रूची माहिती न घेता आखलेल्या योजना, लष्कर आणि नौदल यांतला बेबनाव: हे सगळं त्याने नावानिशी आणि तारखांनिशी मांडलंय. मात्र ताकानामीला पुढे ठेवण्याच्या निर्णयाबद्दल मला हवं होतं तेवढं त्यात सापडलं नाही. वरिष्ठांचा हिशोब त्याने फार काटेकोर मांडला, त्या एका रात्रीच्या स्वतःच्या मांडणीचा तेवढा नाही. म्हणून त्या लेखाशेजारी अमेरिकन जहाजांचे लढाईनंतरचे अहवाल ठेवावेत, मिनिटामिनिटाच्या नोंदी जुळवाव्यात आणि मग ताकानामी तिथे नसती तर पहिला मारा कुणावर झाला असता, ते नकाशावर स्वतः आखून पाहावं.